पत्र्याच्या छतासाठी सेल्फ-टॅपिंग स्क्रू : निवड आणि वापर

गोठा, शेळ्यांची शेड किंवा कांदाचाळ उभारताना पत्र्याच्या जाडीची चौकशी होते. पत्रा सांगाड्यास धरून ठेवणाऱ्या स्क्रूची मात्र क्वचितच होते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता आणि असंख्य छतांचे पत्रे उडाले. कमी उताराच्या छतास वारा प्रामुख्याने वर खेचतो. हा ताण अखेरीस स्क्रूलाच पेलावा लागतो.

वाऱ्याचा भार

आयएस 875 (भाग 3) या भारतीय मानकात वाऱ्याचा पायाभूत वेग नाशिक व पुण्यासाठी सेकंदाला 39 मीटर, तर झाशीसाठी 47 मीटर दिला आहे. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ढोबळ हिशेबाने नाशिकमध्ये चौरस मीटरला सुमारे 93 किलो, तर झाशीत 135 किलो भार येतो. आडव्या पाईपांतील अंतर 1.2 मीटर आणि स्क्रूंतील अंतर 25 सेंटिमीटर असल्यास एका स्क्रूच्या वाट्याला अनुक्रमे सुमारे 28 व 40 किलो येतात. एकाआड एक स्क्रू गाळल्यास हा भार दुप्पट होतो. शिवाय झाशीतील इलाइट चौराह्यासारख्या इमारतींनी वेढलेल्या भागापेक्षा मोकळ्या शिवारातील शेडला वारा अधिक लागतो. म्हणून एका ठिकाणचा आराखडा दुसरीकडे जसाच्या तसा वापरू नये.

योग्य निवड

सेल्फ-टॅपिंग स्क्रू आधी पाडलेल्या छिद्रात स्वतःचे आटे पाडतो. सेल्फ-ड्रिलिंग प्रकारास टोकाशीच ड्रिल असल्याने वेगळे छिद्र लागत नाही. लोखंडी पाईपासाठी बारीक, तर लाकडासाठी रुंद अंतराच्या आट्यांचा स्क्रू घ्यावा. पाईपातून किमान तीन आटे पलीकडे निघतील एवढी लांबी असावी. पाईप फार पातळ असल्यास आट्यांची पकड अपुरी राहते. गोठ्यातील अमोनिया व किनाऱ्यावरील खारी हवा जस्ताचा थर लवकर खाते. तेथे अधिक गंजरोधक स्क्रू वापरावेत.

बसवताना घ्यावयाची काळजी

• स्क्रू पत्र्यास काटकोनात धरावा. ड्रिल अतिवेगाने फिरवल्यास टोक तापून बोथट होते.
• रबरी वॉशर किंचित दबताच थांबावे. सैल राहिल्यास छत गळते. अति आवळल्यास वॉशर फाटतो आणि पाईपातील आटे निकामी होतात.
• छताच्या कडा, कोपरे व माथा येथे वाऱ्याची ओढ सर्वाधिक असते. तेथे पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू लावावा.
• काम संपताच लोखंडाचा कीस झाडून काढावा. अन्यथा तेथूनच पत्रा गंजू लागतो.

दरवर्षी मृगापूर्वी छताची पाहणी करून सैल, गंजलेले वा वॉशर फाटलेले स्क्रू बदलावेत. जुन्या छिद्रातील आटे झिजले असल्यास अधिक जाड स्क्रू वापरावा. काही रुपयांच्या स्क्रूवर संपूर्ण छताची, त्याखालील जनावरांची व साठवलेल्या मालाची सुरक्षितता अवलंबून असते.