श्रमदान आणि श्रमाचे दाम



मागील वर्षी जुलै महिन्यात आपण शाळेच्या मागच्या भिंतीलगत चाळीस रोपे लावली होती, हे तुम्हाला आठवत असेलच. पाहुणे आले, भाषणे झाली, फोटो निघाले, खाऊ वाटला गेला. यंदा शाळा उघडल्यावर आम्ही स्वतः फिरून मोजणी केली. अकरा रोपे जिवंत होती. त्यातील नऊ नळाजवळची, कारण चौकीदारकाकांच्या भांड्यांचे पाणी तिकडे वाहत जाते. उरलेली उन्हाळ्याच्या सुट्टीत वाळली. दोष तुमचा नाही. एप्रिल ते जून पाणी कोण घालणार हे आम्ही मोठ्यांनी ठरवलेच नव्हते.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्या काळी परीक्षेत ‘श्रमदान का महत्व’ हा निबंध हमखास येत असे आणि आम्ही तो तोंडपाठ करून जात असू. श्रमाचे दाम या विषयावर मात्र कधी निबंध आला नाही. आज त्याच विषयाचा पाठ घेऊ.

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन. तिथल्या संसद भवनापासून थोड्याच अंतरावर अ‍ॅनाकोस्टिया नावाची नदी वाहते आणि पुढे पोटोमॅक नदीस मिळते. पोटोमॅकच्या काठी स्मारके, बगिचे, पर्यटक. अ‍ॅनाकोस्टियाच्या पलीकडे गरीब कृष्णवर्णीयांच्या वस्त्या. पाऊस जोराचा झाला की गटारे भरून मैला थेट या नदीत जाई. तिच्या ओढ्यांत जुने टायर, फ्रिज, प्लास्टिक यांचा खच पडलेला असे. ‘विसरलेली नदी’ असेच तिला म्हणत.

१९९२ मध्ये बॉब निक्सन या चित्रपट निर्मात्याने त्याच वस्तीतील नऊ बेरोजगार तरुण-तरुणींना घेऊन ‘अर्थ कॉन्झर्वेशन कोअर’ या संस्थेचे काम तेथे सुरू केले. पहिले काम एका ओढ्यातून टायर उपसण्याचे. कामाचे पैसे मिळत. रक्कम मोठी नव्हती, पण हाती पडत होती.

या नऊ जणांत रॉडनी स्टॉट्स नावाचा एक तरुण होता. तो तेव्हा अमली पदार्थ विकत असे. त्याला भाड्याने घर हवे होते आणि त्यासाठी पगाराची पावती दाखवावी लागत होती. ती मिळावी म्हणून आपण या कामावर आलो, असे त्याने पुढे स्वतःच प्रांजळपणे सांगितले आहे. नदीच्या प्रेमाचा त्यात काही भाग नव्हता. आम्हाला ही कबुली फार मोलाची वाटते. पर्यावरणाच्या कामाला तरुण केवळ ध्येयाने येतील असे आपण धरून चालतो, आणि ज्याच्या घरी चूल पेटण्याची पंचाईत आहे तो मुलगा आला नाही की त्याला बेफिकीर ठरवतो.

पुढची हकिकत अधिक ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेच्या राजमुद्रेवरचा पांढऱ्या डोक्याचा गरुड, म्हणजे बाल्ड ईगल, या शहरातून अनेक दशकांपूर्वीच नाहीसा झाला होता. डीडीटी या कीटकनाशकामुळे त्याच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन फुटत. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली, तरी राजधानीत गरुड परतले नव्हते. तेव्हा १९९४ ते १९९८ या काळात या तरुणांनी विस्कॉन्सिन राज्यातून आणलेली सोळा पिले नदीकाठच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात वाढवून सोडली. रीत अशी, की पिलांना उंचावरच्या पिंजऱ्यात ठेवायचे आणि माणूस दिसणार नाही अशा बेताने रोज मासे टाकायचे. पंखांत बळ आले की दार उघडायचे. जिथून पहिली भरारी घेतली ती जागा गरुड आपली मानतो, आणि चार-पाच वर्षांनी वयात आल्यावर घरटे करायला बहुधा त्याच भागात येतो. अ‍ॅनाकोस्टियावर आज पुन्हा गरुड घरटी करतात.

वाचताना हे गोड वाटते, पण त्या मुलांचे दिवस गोड नव्हते. पहिल्या तुकडीतील एका तरुणीची लवकरच हत्या झाली. पुढेही काही साथीदार हिंसाचारात गेले. मृत साथीदारांची नावे त्यांनी गरुडांना दिली. स्टॉट्स स्वतः मधल्या काळात तुरुंगात जाऊन आला, पण पक्ष्यांकडे परतला. शिकारी पक्षी पाळण्याचा रीतसर परवाना त्याने मिळवला, वस्तीतील मुलांना तो ती विद्या शिकवू लागला, आणि २०२२ मध्ये त्याचे आत्मकथनही प्रसिद्ध झाले.

केवळ टायर काढून नदी सुधारली असे मात्र कोणी समजू नये. २०१० पासून त्या शहरात प्लास्टिक पिशवीवर पाच सेंट आकार बसला. सांडपाणी साठवणारे मोठे बोगदे खणले गेले, त्यातील एक २०१८ मध्ये सुरू झाला. मोठे काम यंत्रांनी व सरकारी पैशाने झाले, पण रोजच्या देखरेखीला माणसे लागतात, आणि ती जवळच्या वस्तीतली असली तर टिकतात.

कल्पना जुनीच आहे. १९३३ च्या मंदीत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी बेकार तरुणांची अशीच फौज उभारली होती. महिना तीस डॉलर, त्यातले पंचवीस परस्पर घरी. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुणांनी ३०० कोटींवर झाडे लावली. आपल्याकडेही वि. स. पागे यांच्या विचारातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना निघाली आणि १९७२ च्या दुष्काळात लाखोंना तिने तगवले. ती खेड्यांसाठी होती, शहरातला बेकार मुलगा तिच्या बाहेरच राहिला.

आता आपले इंदूर. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळची कान्ह तुम्ही रोज बघता. ती पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते, म्हणून २०१६ च्या सिंहस्थात तिचे पाणी पाइपने वळवावे लागले होते. त्यानंतर सांडपाण्याची तोंडे बंद करण्याचे मोठे काम झाले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये इंदूर देशातले पहिले ‘वॉटर प्लस’ शहर ठरले. जुलै २०२४ मध्ये रेवती रेंजवर एका दिवसात बारा लाखांहून अधिक रोपे लावून आपण गिनीजमध्ये नोंद केली. अभिमान आम्हालाही आहे. पण आपली चाळीस रोपे आठवली की मनात येते, झाडाला निदान तीन उन्हाळे पाणी, आळे, खुरपणी लागते, आणि त्याची नोंद कोणी करत नाही.

यास्तव पालक-शिक्षक संघापुढे आम्ही एक प्रस्ताव मांडला आहे. उरलेली अकरा झाडे आणि यंदा लावलेली वीस रोपे यांची एप्रिल ते जून देखभाल करण्यासाठी शाळेतून उत्तीर्ण झालेल्या, अठरा वर्षे पूर्ण केलेल्या दोघांना मासिक वेतनावर नेमावे. बैठकीत एका पालकांनी विचारले, “मॅडम, बारावी पास मुलाला माळी करणार का?” दुसरे म्हणाले, “आज झाडे, उद्या नाल्यात उतरवाल!” या दुसऱ्या प्रश्नामागे काय आहे ते आम्ही जाणतो. नाला म्हटले की आपण ते काम ठरावीक जातींच्या माथी मारून मोकळे झालो आहोत. सुरक्षासाधनांशिवाय गटारात माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि ते काम यंत्राचेच आहे. आमचा प्रस्ताव झाडांपुरता आहे. माळी या शब्दात कमीपणा काय, हे मात्र पहिल्या पालकांनी आम्हाला अद्याप सांगितलेले नाही.

प्रस्ताव चार मतांनी संमत झाला. अर्ज कार्यालयात मिळतील. मुलींनीही अर्ज करावा. वेतन दर महिन्याच्या पाच तारखेला, पावतीसह दिले जाईल.