कारखान्याची नाडी : चालू मालमत्ता

विद्यार्थिमित्रहो, चंदगड तालुक्यांतून जातांना काजूचे कारखाने आपल्या दृष्टीस पडतात. लांबच लांब छपरें, उन्हांत पसरलेली काजूबी, सकाळीं कामास निघालेल्या स्त्रिया, हें सर्व पाहून 'कारखाना उत्तम चालला आहे' असें आपण सहज म्हणतों. परंतु कारखान्याची प्रकृति छपरावरून कळत नाहीं. ती ताळेबंदावरून कळते. त्यांतही प्रथम काय पाहावें, याचा विचार येथें करूं.

कारखान्याची मालमत्ता मुख्यतः दोन प्रकारची असते. जमीन, इमारत, यंत्रें ही स्थिर मालमत्ता होय. जी मालमत्ता साधारणतः बारा महिन्यांच्या आंत, किंवा धंद्याच्या एका फेऱ्यांत, रोकड होते ती चालू मालमत्ता. २०१३ च्या कंपनी कायद्यानेंही सामान्यतः हीच कसोटी धरिली आहे. हातांतील व बँकेंतील रोकड, गिऱ्हाइकांकडील येणें, आणि कच्चा, अर्धवट झालेला व तयार माल, हीं तिचीं प्रमुख अंगें. तद्वत् जीं देणीं एवढ्याच मुदतींत फेडावयाचीं, तीं चालू देणीं.

काजूचेंच उदाहरण घ्या. बी उन्हाळ्यांत येते. पण ती वाफवणें, फोडणें, वाळवणें, सोलणें व गराची प्रतवारी लावणें हें काम पुढें कित्येक महिने चालतें. म्हणजे रोकडीची बी होते, बीचा गर होतो, गर उधार विकला कीं त्याचें येणें होतें, आणि येणें वसूल झालें म्हणजे पुन्हा रोकड होते. हें चक्र जेथें अडतें, तेथें मजुरी अडते.

आतां थोडें गणित करूं. समजा, दोन कारखान्यांची चालू मालमत्ता प्रत्येकीं २० लाख रुपये व चालू देणीं १० लाख रुपये आहेत. मालमत्तेस देण्यांनीं भागिलें असतां दोहोंचें प्रमाण २ येतें. आणि २ हें प्रमाण समाधानकारक मानण्याची जुनी वहिवाट आहे. मग दोन्ही कारखाने सारखेच निरोगी समजावयाचे काय? पहिल्याजवळ रोकड ३ लाख, येणें ८ लाख व माल ९ लाखांचा आहे. दुसऱ्याजवळ रोकड ५० हजार, येणें अडीच लाख व माल १७ लाखांचा आहे. माल वगळून पुन्हा भागाकार करा. पहिल्याचें प्रमाण १.१ येतें, दुसऱ्याचें अवघें ०.३. उद्यां धनको दारीं उभे राहिले, तर दुसऱ्यास मिळेल त्या भावानें माल काढावा लागेल.

तयार माल म्हणजे रोकड नव्हे, हें लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्रांत स्पष्ट दिसतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांनीं बेळगांवांत लोखंडी नांगर केले. (आपला चंदगड तालुकाही १९५६ पर्यंत बेळगांव जिल्ह्यांतच होता.) लोखंडानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळें पहिला नांगर खपण्यास सुमारें दोन वर्षें लागलीं. नांगर चांगला होता. पण न खपलेल्या नांगरानें कोणाचेंही देणें फिटत नाहीं. १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली, ती अशा धीराच्या दिवसांनंतर.

साखरेच्या धंद्यांतही हेंच मर्म आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणें उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावयाचे असतात. साखर मात्र वर्षभर हळूहळू विकली जाते. म्हणून गोदाम भरलेलें असूनही शेतकरी बिलाची वाट पाहात बसल्याचे प्रसंग येतात.

यास्तव केवळ बेरीज पाहून समाधान मानूं नये. येणें किती जुनें आहे, माल किती दिवस पडून आहे, हेंही विचारावें. उलटपक्षीं, गरजेहून फार अधिक रोकड निजवून ठेवणें हेंही शहाणपणाचें नव्हे.

तुमच्यापैकीं कित्येकांच्या घरची चूल काजूच्या मजुरीवर वा उसाच्या बिलावर पेटते. तेव्हां हा विषय केवळ परीक्षेपुरता नाहीं. या सुट्टींत गांवांतील एखाद्या दुकानाची रोकड, उधारी, माल व देणीं यांचा अंदाजी तक्ता मांडून दोन्ही प्रमाणें काढून पाहा. जो आंकडे वाचावयास शिकला, त्यास नुसत्या झगमगाटानें फसविणें कठीण होतें.