सामान लादून कच्च्या वाटेला: चाक केवढं घ्यावं?

प्रश्न: मी गोखिवऱ्याला राहते. उंची पाच फूट दोन इंच. पावसाळा सरला की शिरसाड फाट्यावरून पारोळ, वज्रेश्वरी, अंबाडी, वाडा करत जव्हारपर्यंत सायकलने जायचं आहे. सामान बांधून आणि जमेल तिथे कच्च्या रस्त्याने. दुकानदार 29 इंची चाकाचा आग्रह धरतोय. काय घेऊ?

उत्तर: तुमच्या उंचीला 27.5 घ्या.

दुकानदाराचं म्हणणं निराधार नाही. मोठं चाक दगडावर कमी धक्क्याने चढतं आणि एकदा वेग आला की तो टिकवतं. पण सारख्याच रुंदीचे टायर लावले तर 26 आणि 29 यांच्या व्यासात फरक जेमतेम सहा सेंटिमीटरचा. तेवढ्यासाठी लहान फ्रेममध्ये मोठं चाक कोंबलं, की हँडल वळवताना पायाची बोटं पुढच्या चाकाला लागतात आणि सीटमागची पिशवी मागच्या टायरवर घासते. सामान घेऊन जाणाऱ्याला हा त्रास दिवसभर पुरतो. पाच फूट आठच्या पुढच्या माणसाला मी 29 च सांगितलं असतं.

आपल्याकडच्या खडीवर आणि सुट्या दगडांवर खरं काम करते ती टायरची रुंदी. सव्वादोन इंची टायर घ्या, हवा 25 ते 35 पीएसआय ठेवा, सामान मागे असल्याने मागच्या चाकात थोडी जास्त. टायर आणि चिमटा यांच्यामध्ये बोट सहज फिरलं पाहिजे. जागा अपुरी असेल तर ओली माती तिथे थापली जाते, चाक जाम होतं आणि काटकीने माती उकरत बसावं लागतं.

टायरच्या कडेला 57-584 असं काही छापलेलं असतं. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा टायर रिमवर बसतो तिथल्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. 26 ला 559, 27.5 ला 584, 29 ला 622. आणि दूधवाल्यांच्या काळ्या सायकलीच्या 28 इंची चाकाला? 635! म्हणून नवा टायर घेताना इंचांवर विसंबू नका, हा दुसरा आकडा जुळवा. गावच्या दुकानात 26 ची ट्यूब मिळण्याचा संभव अधिक. अडचणीत ती 27.5 च्या टायरमध्येही चालून जाते. तरी जास्तीच्या दोन ट्यूब जवळ असू द्या.

घरात 26 ची धड सायकल पडून असेल, तर नवीन घेऊच नका. 15 ऑक्टोबर 1923 ला मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले; आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघे तो पुरा करून 1928 मध्ये परतले. असल्या निवडीची चैन त्यांना नव्हती.

पैसे देण्याआधी भरलेली पिशवी दुकानात न्या, सीटमागे बांधा, सायकलवर बसा आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा.