काळ्या जमिनींत घराचा पाया

काटोल तालुक्यांतील आमच्या एका शेतकरी बंधूंनीं शेतावर धान्याचें पक्कें कोठार बांधलें. विटा चांगल्या भाजलेल्या, सिमेंट ताजें, गवंडी अनुभविक. पहिला पावसाळा निर्विघ्न गेला. दुसऱ्यांत खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघाल्या आणि दार चौकटींत अडूं लागलें. सर्वांनीं सिमेंटास दोष दिला. आम्हीं बाजूस खणून पाहिलें, तों पाया अवघा 2 फूट खोल, व तोहि निव्वळ काळींत घातलेला!

काळी जमीन वैशाखांत फाटते व मृगांत फुगून मिटते, हें वाचकांस सांगणें नलगे. तिच्या चिकणमातीचे सूक्ष्म पापुद्रे आपल्यामध्यें पाणी सांठवितात. कपाशी त्याच गुणावर तगते. परंतु घराखालीं हें फुगणें सारखें होत नाहीं. कडेची माती आधीं भिजते, मधली तशीच राहते. भिंत एकीकडे उचलली जाते, दुसरीकडे बसते, आणि तडकते.

याविषयीं नियम पूर्वींच लिहिले गेले आहेत. 1947 सालीं स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेनें 1970 सालीं राष्ट्रीय बांधकाम संहिता प्रसिद्ध केली. पुढें 1987 पासून ही संस्था भारतीय मानक ब्यूरो झाली, आणि संहितेच्या सुधारलेल्या आवृत्त्या 1983, 2005 व 2016 सालीं निघाल्या. माती व पाया यांचा विचार तिच्या सहाव्या भागांत आहे. संहिता हा स्वतः कायदा नव्हे. स्थानिक नियमांत तिचा अंतर्भाव होतो तेथेंच ती बंधनकारक ठरते. शेतावर विचारणारा बहुधा कोणी नसतो, म्हणून ती शहरांतील हवेल्यांकरितांच आहे असा समज पडला आहे. आम्हांस तर उलट वाटतें: जेथें तपासणारा नाहीं, तेथेंच मालकानें ती जाणली पाहिजे.

मातीच्या फुगवट्याची परीक्षा मानक क्रमांक 2720, भाग 40 मध्यें दिली आहे. ती घरींहि करतां येण्याजोगी असल्यामुळें सविस्तर सांगतों. पायाच्या खोलीवरची माती पूर्ण वाळवावी व कुटून अर्ध्या मिलिमीटरहून बारीक छिद्रांच्या चाळणीनें चाळावी. 100 मिलिलिटरच्या, खुणा केलेल्या दोन कांचनळ्यांत 10-10 ग्रॅम माती टाकून एकींत शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी व दुसरींत रॉकेल वरच्या खुणेपर्यंत भरावें. काडीनें ढवळून बुडबुडे काढावे व 24 तास हलवूं नये. रॉकेलांत माती फुगत नाहीं, पाण्यांत फुगते. समजा, रॉकेलांत ती 10 वर व पाण्यांत 18 वर बसली, तर फुगवटा शेंकडा 80 झाला. आंकडा 50 च्या वर गेला कीं उथळ पाया घालूं नये, असें आमचें मत आहे. ही परीक्षा अभियंत्याची जागा मात्र घेत नाहीं.

बरडी व खरडी जमिनींत मुरूम लवकर लागतो. तेथें पाया मुरुमांत नेला कीं काम झालें. शेतांत असा कोपरा असल्यास कोठारास तोच द्यावा. खोल काळींत मात्र तळाशीं फुगीर कंद असलेले कांक्रीटचे खांब पुरावे लागतात. ही पद्धत आपल्याकडे रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनें रूढ केली. मानकाप्रमाणें असा खांब निदान 3.5 मीटर खोल हवा; कंदाचा व्यास खांबाच्या सुमारें अडीचपट असतो. ऋतूंचा पालट पोंचत नाहीं अशा थरांत कंद रुतून बसतो. खांबांवरील तुळई जमिनीस टेकूं देऊं नये, नाहींतर फुगणारी माती तिलाच उचलते. खर्च वाढतो हें खरें.

पायांतून निघालेली काळी माती पुनः जोत्यांत भरण्याची चाल तर सोडावीच. तेथें मुरूम भरून चोपावा. भिंतीभोंवतीं उताराची फरशी करावी, पन्हाळीचें व न्हाणीचें पाणी दूर न्यावें.

आमच्या त्या बंधूंनीं भेगा लागलीच लिंपल्या नाहींत. भेगेवर कांचेची पट्टी आडवी चिकटवून तिच्याशेजारीं तारीख लिहिली आहे. पट्टी कोणत्या महिन्यांत फुटते तें पाहून मगच ते अभियंत्यास बोलावणार आहेत.