महामार्गावरील लघुशक्ती रेडिओ : वॅट आणि वास्तव

अमेरिकेतील महामार्गांवर, राष्ट्रीय उद्यानांच्या वा विमानतळांच्या वाटेवर प्रवाशांना रेडिओवर ठरावीक केंद्र लावण्यास सांगणारे फलक आढळतात. ही प्रवासी माहिती केंद्रे होत. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९७७ मध्ये त्यांना रीतसर मान्यता दिली. प्रारंभी त्यांच्यासाठी मध्यम लहरींवरील ५३० व १६१० किलोहर्ट्झ या दोनच वारंवारता होत्या. पुढे हे क्षेत्र विस्तारले. रस्ता बंद आहे, वादळ येत आहे, गाव सोडावयाचे आहे, अशा सूचना या केंद्रांवरून दिल्या जातात. फलक पाहून रेडिओ लावणाऱ्या वाहनचालकास नुसती खरखर ऐकू आली, तर असे केंद्र असून नसल्यासारखेच.

उभ्या अँटेनाच्या केंद्रास १० वॅटची मर्यादा आहे. परंतु खरा निर्बंध निराळाच आहे. १.५ किलोमीटर अंतरावर क्षेत्रतीव्रता दर मीटरला २ मिलिव्होल्टपेक्षा अधिक असता कामा नये. आदर्श जमिनीवर एवढ्या तीव्रतेसाठी सुमारे ०.१ वॅट उत्सर्जित शक्ती पुरते! मग १० वॅट कशासाठी? १६१० किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १८६ मीटर असते. तिच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे ४६ मीटरच्या आसपास उंचीची अँटेना उत्तम काम देते; नियमाने मात्र १५ मीटरपलीकडे जाता येत नाही. अशा आखूड अँटेनाला दिलेली बरीचशी शक्ती जुळवणीच्या वेटोळ्यात आणि जमिनीत उष्णतारूपाने वाया जाते. म्हणूनच अँटेनाच्या बुडाशी पुरलेले तांब्याच्या तारांचे जाळे प्रक्षेपकाइतकेच मोलाचे ठरते. ओलसर जमीन लहरींना साथ देते, कोरडी खडकाळ जमीन त्यांना शोषून घेते.

अंतर दुप्पट झाले की तीव्रता निम्मी होते, खराब जमिनीवर त्याहूनही कमी. १.५ किलोमीटरवर २ मिलिव्होल्ट असलेला संकेत ३ किलोमीटरवर जेमतेम १ मिलिव्होल्ट उरतो. त्यातच उच्चदाबाच्या विद्युतवाहिन्या आणि विजेवर चालणाऱ्या मोटारींची यंत्रणा यांची खरखर मिसळते. रात्री दूरच्या केंद्रांच्या लहरी आकाशातून परावर्तित होऊन येतात व दिवसा मोजलेली व्याप्ती आक्रसते. तेव्हा फलकाची जागा नकाशावर वर्तुळ काढून नव्हे, तर रात्रीही त्या रस्त्याने प्रत्यक्ष जाऊन ठरविणे इष्ट.

केंद्राच्या दोन्ही बाजूंना ३ किलोमीटर स्पष्ट ऐकू येत असेल, तर ताशी ९० किलोमीटर वेगाची मोटार ते अंतर ४ मिनिटांत ओलांडते. चालक निवेदनाच्या मध्यातच रेडिओ लावण्याचा संभव अधिक. त्यास ते आरंभापासून पूर्ण ऐकता यावे, यासाठी ते २ मिनिटांहून लांब असू नये.