फियाटचं बिल फुगवलंय का?

प्रश्न : वडिलांची १९७४ची फियाट पूर्ण दुरुस्तीला दिली. बिल सांगितलेल्या आकड्याच्या दुप्पट झालं. फसवणूक समजायची का? – एक वाचक, अंबड (जि. जालना)

उत्तर : लगेच तसा शिक्का मारू नका. रंग खरवडल्यावर फ्लोअर सडलेला निघाला, तर कोणाचाही अंदाज चुकतो. मात्र तेव्हाच फोन करून तुमची संमती घ्यायला हवी होती. ती घेतली नसेल, तर भांडायला जागा आहे.

पत्रा खरंच बदलला की नुसती लांबी भरली, ते बघा. पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांच्या खालच्या कडेवरून फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे पत्र्याचे पैसे कसले? इंजिनाचा मूळ बोअर ६८ मिलिमीटर. बिलात ‘चाळीस थाऊ बोअरिंग’ असेल, तर तो ६९च्या आसपास भरायला हवा. हेड उघडलेलं असतानाच मोजून घ्यावं. नव्या पिस्टनच्या डोक्यावर बहुधा साइज कोरलेला असतो.

काढलेले जुने भाग परत मागा. जालन्यात भंगाराला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, म्हणून ते आधी गायब होतात!

पार्टची किंमत जास्त वाटली, तरी ती लबाडीच असेल असं नाही. या गाड्या बंद होऊन दोन दशकं उलटली. दुकानाची मूळ पावती मात्र बघाच. ‘मजुरी, एकरकमी’ ही ओळ मान्य करू नका. डेंटिंग, पेंटिंग, इंजिन, वायरिंग वेगळं लिहून घ्या. तरीही नाहीच जमलं, तर ग्राहक आयोगाकडे तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते.