सिंगालिलाच्या डोंगरधारेवर धावण्यापूर्वी

सिंगालिला राष्ट्रीय उद्यान दार्जिलिंग जिल्ह्यात, नेपाळच्या सीमेला लागून असलेल्या डोंगरधारेवर पसरले आहे. सुमारे दोन हजार मीटर उंचीवरच्या मानेभंजंग गावातून निघालेली वाट टुमलिंग, गैरीबास, काळीपोखरी असे टप्पे घेत ३१ किलोमीटरवर संदकफूला पोहोचते. संदकफूची उंची ३,६३६ मीटर. तिथून धारेवरूनच आणखी २१ किलोमीटर गेले की ३,६०० मीटर उंचीवरचे फालूट येते. मॅरेथॉनची तयारी असलेल्या धावपटूला पहिले ३१ किलोमीटर एका दिवसात पार करणे अवघड नसते, आणि या वाटेवरचा मुख्य धोका नेमका त्यातच आहे.

संदकफूच्या हवेतही प्राणवायूचे प्रमाण २१ टक्केच असते. मात्र हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासातून शरीराला मिळणारा प्राणवायू त्याच मानाने घटतो. साधारण १,५०० मीटरच्या वर प्रत्येक शंभर मीटरला धावण्याची क्षमता अंदाजे एक टक्क्याने उतरते. संदकफूवर ती सुमारे एक पंचमांशाने कमी झालेली असते. पुण्या-मुंबईत ठरवलेला वेग तिथे निरुपयोगी ठरतो. दम न लागता एक पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवावा, चढावर सरळ चालावे.

विरळ हवेचा आजार तंदुरुस्तीला जुमानत नाही. उलट तंदुरुस्त माणूस वेगाने वर पोहोचतो, म्हणून त्याला तो अधिक सहज गाठू शकतो. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणे, चक्कर आणि गळून गेल्यासारखे वाटणे ही लक्षणे बहुधा उंचीवर पोहोचल्यानंतर सहा ते बारा तासांत दिसतात. म्हणजे धाव संपून मुक्कामाला टेकल्यावर, आणि त्या वेळी ती थकव्याच्या खात्यावर टाकली जातात. उंचीवरची डोकेदुखी ही दुसरे कारण सापडेपर्यंत उंचीचीच समजावी.

म्हणून या वाटेचा आराखडा किलोमीटरवरून आखू नये. रोज रात्री झोपायचे किती उंचीवर, हे आधी ठरवावे. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा जगभर मानला जाणारा नियम आहे. त्यानुसार पहिली रात्र मानेभंजंग किंवा दार्जिलिंगला, दुसरी टुमलिंगला (२,९७० मीटर), तिसरी काळीपोखरीला (३,१८६ मीटर) आणि चौथी संदकफूला, अशी मांडणी योग्य ठरते. मोठी धाव घ्यायचीच असेल तर ती यानंतर घ्यावी. संदकफूहून फालूटला जाऊन परत येणे म्हणजे ४२ किलोमीटर, जवळजवळ मॅरेथॉनच. मात्र या टप्प्यात वाट उंच धारेवरच राहते, चटकन खाली उतरण्याची सोय फार कमी आहे. सकाळी डोके दुखत असेल तर फालूटकडे पाऊल टाकू नये.

चालताना तोल जाणे, असंबद्ध बोलणे ही मेंदूला सूज येत असल्याची लक्षणे असतात. शंका आली तर टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगावे. ते जमले नाही तर वाट पाहू नये. विश्रांती घेतानाही धाप लागणे, कोरडा खोकला, ओठ निळसर होणे म्हणजे फुप्फुसात पाणी होऊ लागले आहे. दोन्हींवर पहिला उपचार एकच: लगेच खाली नेणे, शक्य असेल तर प्राणवायू देणे. फुप्फुसाच्या रुग्णाला चालवत नेऊ नये. मानेभंजंगपर्यंत जीप जाते, रात्र असली तरी ती काढावी. ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्यांनी शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत होते, पण सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. चढण्याचा वेग वाढवण्यासाठी तर त्या कोणीच घेऊ नयेत.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या भागात सिकलसेलचे वाहक बरेच आहेत. वाहकाला एरवी सहसा त्रास नसतो, पण उंची, पाण्याची कमतरता आणि जबर श्रम एकत्र आले की प्लीहेचा रक्तपुरवठा तुटू शकतो. डाव्या बरगडीखाली तीव्र कळ येते. कुटुंबात सिकलसेल असलेल्या धावपटूंनी आधी रक्त तपासून घ्यावे. हिमोग्लोबिनची तपासणी तर सर्वांनीच करावी. लोहाची कमतरता असताना उंचीवर धावणे अंगावर येते. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब वा मधुमेह, दमा आणि गर्भारपण असल्यास तज्ज्ञांचा सल्ला अनिवार्य समजावा.

सराव सह्याद्रीत होऊ शकतो, पण तो पायांचा. कळसूबाई हे राज्यातले सर्वोच्च शिखरही १,६४६ मीटरच आहे, त्यामुळे उंचीची सवय इथे लागत नाही. सिंहगडासारख्या वाटेवर चढण्याइतकाच उतरण्याचा सराव करावा. संदकफूहून गुरदुममार्गे श्रीखोलाला उतरताना दीड हजार मीटरांहून अधिक उंची कमी होते आणि मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत सतत भार झेलतात. सराव नसेल तर त्यांच्या तंतूंना इजा होते.

पाणी तहानेप्रमाणे प्यावे. संदकफू ते फालूट पाणी दुर्मीळ असल्याने ते सोबत न्यावे. पण भीतीपोटी ढोसत राहिल्यास रक्तातले सोडियम घसरते आणि गोंधळलेपणापासून झटक्यांपर्यंत त्रास होतो. ओआरएस आणि तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्टमय पदार्थ पुरतात: खजूर, चिक्की, उकडलेला बटाटा. लांब धावेत आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक टाळावे. आधीच ताणाखाली असलेल्या मूत्रपिंडावर त्यांचा आणखी भार पडतो.

धारेवर वारा बोचरा असतो. घामाने भिजलेला धावपटू थांबला की काही मिनिटांत गारठतो. कोरडा थर, वारारोधक जाकीट, टोपी आणि हातमोजे पाठीवर हवेतच. बोटे चेन लावेनाशी झाली, बोलणे जड झाले की आडोसा गाठावा. उद्यान जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बंद असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश स्वच्छ, पण रात्री गोठवणाऱ्या. एप्रिल-मेमध्ये गुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुलतो, पण दुपारी धुके व पाऊस येतो. एकट्याने धावू नये. स्थानिक वाटाड्या जवळच्या उताराची वाट जाणतो.

धाव संपल्यावर तीन-चार दिवस मांड्या दुखणे स्वाभाविक आहे. लघवी काळ्या चहासारखी झाली किंवा फारच कमी झाली, तर स्नायूंतील द्रव्य मूत्रपिंडात अडकत असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठून रक्तातील क्रिएटिनिन आणि सीपीके तपासून घ्यावे.